पदरच्या मिशा

"हा माणूस ओळखता येईल एवढा मोठा करून दे," तात्या बेहेरे म्हणाले आणि त्यांनी आपला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. "नाव मी सांगत नाही. तुझ्या मशीनला सांगू दे."

मी मोबाईल हातात घेतला. फोटो आमच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळातला होता, उत्सवातल्या शेवटच्या कीर्तनाचा. पूर्वरंग संपून मध्यंतर झालेलं. आठल्येबुवा गळ्यात झेंडू-तुळशीचा जाडजूड हार आणि कपाळाला बुक्का लावून नारदाच्या गादीवर उभे, आणि माणसं रांगेनं त्यांच्या पाया पडताहेत. कुणीतरी मागच्या खांबाजवळून काढलेला फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरून फिरून पार झिजून गेला होता. बुवांच्या मागे गाभाऱ्याचं दार होतं. तात्यांनी नखानं दाखवलं तिथे, त्या दारात, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक माणूस दिसत होता. बाहेर तोंड करून उभा.

"हा?"

"हाच. देवाची माळ ह्यानं उचलली."

माळ म्हणजे नारायणाची पुतळ्यांची माळ. सोन्याच्या बारक्या, नाण्यांसारख्या चपट्या पुतळ्या रेशमी दोऱ्यात ओवून केलेली, फक्त उत्सवात बाहेर निघणारी. उत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशी दागिने पेटीत ठेवताना ती सापडली नाही. निर्माल्य उपसून झालं, गाभाऱ्याचा कोपरा न् कोपरा झाडून झाला. तेव्हापासून गावात एकमेकांकडे बघायची नजरच बदलली होती. तात्या देवस्थानचे विश्वस्त. त्या दिवशी पुजाऱ्यांना सुतक आलं म्हणून पूजाही तात्यांनीच केली होती. माळ त्यांच्या अंगावर सोपवलेली, ती त्यांच्याच हातून गेली. माणूस आठवडाभरात वाळून निम्मा झाला होता.

माझं स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान. कुणा पुढाऱ्याचा टिकलीएवढा फोटो दहा फुटांवर चढवणं हे माझं रोजचं काम. त्याच महिन्यात मी फोटो मोठे करायचं एक नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि त्याच्यावर बेहद्द खूश होते. पूर्वी चेहरा मोठा केला की साय धरल्यासारखा दिसायचा. आता पापणीचे केसही मोजून घ्यावेत.

मी तो दाणा कापून घेतला आणि बटण दाबलं. थोडा वेळ गोल गोल फिरलं, आणि पडद्यावर एक माणूस उभा राहिला. काळेभोर डोळे, झुबकेदार मिशा, अंगात तपकिरी-तांबडं जाकीट, जाकिटाला बटणं.

तात्या खुर्चीतून पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "यशवंता."

यशवंत पांचाळ आमचा तबलजी. गावात मिशा पुष्कळांना होत्या, पण कीर्तनाला तसलं जाकीट घालून येणारा तो एकटाच.

"फोटोत बघ, तबल्यामागे कुणी नाही," तात्या म्हणाले. "जागा रिकामी. मला तेव्हाच वाटलं होतं. सोमवारी हा फोटो घेऊन पोलिसात जातो. तबल्याला दुसरा माणूस बघायला आजच सांगतो. तू प्रिंट काढ, उजू."

"रविवारी देते. रंग जरा नीट करते."

"रंग कशाला नीट करायला हवेत? माणूस नीट दिसतोय."

"तरी पण."

ते गेल्यावर मी त्या चेहऱ्याकडे बघत बसले. यशवंतदादाच तो. आणि तरीही नव्हता. सख्ख्या भावाला बाजारात लांबून बघावं आणि हाक मारायला तोंड उघडावं, तोच कळावं की हा दुसराच कुणी, तसं काहीतरी. शिवाय ती बटणं. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या माणसाला बटणं आली कुठून?

दुसऱ्या दिवशी यशवंतदादाच दुकानात आला. धंद्यानं तो सुतार. माझ्या फ्लेक्सच्या लाकडी चौकटी तोच करायचा. चौकटी भिंतीला टेकवल्या आणि रोजच्यासारखा चहाला न थांबता निघाला.

"चहा ठेवलाय," मी म्हटलं.

"नको ताई. ज्यांच्याकडे चहा घ्यायचा त्यांनी आधी नीट तोंडाकडे बघायला हवं ना."

म्हणजे त्याच्या कानावर गेलंच होतं. मी विचारून टाकलं, "मध्यंतरात तुम्ही तबल्यावर नव्हता, दादा."

"बुवांच्या पाया पडायला रांगेत होतो. तुमच्याच मागं."

"माझ्या मागे कोण होतं ते मला काय माहीत?"

"तेच ना. जरा मागं वळून बघितलं असतंत तर आज माझी साक्ष झाली असती." तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "गाभाऱ्याचा उंबरा सोवळ्याबिगर कुणी ओलांडत नाय, ताई. मी ओलांडीन?"

"चोर सोवळं बघतो का, दादा?"

तोंडातून गेलं ते गेलं. यशवंतदादानं खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"चोर नसंल बघत," तो म्हणाला. "तबलजी बघतो." आणि निघून गेला.

त्याचं उत्तर मला पटलं, असं मी म्हणणार नाही. खरं बोलणारा असंच बोलतो आणि खोटं बोलणाराही असंच बोलतो. पण बटणं काही डोळ्यांसमोरून हलेनात. आणि त्या बटणांमुळेच मला आठल्येबुवा आठवले.

बुवांची एक लकब होती. आख्यान रंगात आलं, की पोथीत जिथे दोन ओळी तिथे ते अर्धा तास बोलायचे. द्वारकेला निघालेल्या सुदाम्याला त्याची बायको पोहे बांधून देते, तेव्हा ती काय म्हणाली, पोरं कशी रडली, शेजारीण दारातून कशी डोकावली, सगळं. लोक डोळे पुसायचे. मग बुवा झांज थांबवायचे, सभेला हात जोडायचे आणि म्हणायचे, "मंडळी, शेजारीण पोथीत नाही हो. ती माझ्या पदरची." लोक हसायचे, आणि पुन्हा कीर्तन सुरू.

मला ते फार आवडायचं. पदरचं घाला, पण पदरचं म्हणून सांगा. माझं नवं सॉफ्टवेअर हात जोडत नव्हतं.

तेव्हा मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे, असा फोटो हवा होता. तात्यांच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्स मीच केला होता, त्यांचा मोठा स्वच्छ फोटो माझ्याकडे होता. तो मी लहान लहान करत अगदी हरभऱ्याएवढा केला आणि मग तीन तऱ्हांनी परत मोठा केला.

पहिली तऱ्हा सगळ्यात जुनी आणि अडाणी. ती एका ठिपक्याचा एक मोठा चौकोन करते, बस. तात्या म्हणजे नुसती फरशी झाली. दुसरी तऱ्हा शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधले रंग भरते, त्यामुळे सगळं मऊ आणि धूसर. धुक्यातून कुणीतरी वयस्कर माणूस येतोय एवढंच कळत होतं. तिसरं नवं सॉफ्टवेअर. त्यानं मला एक लखलखीत गृहस्थ काढून दिले. त्यांच्या गालावर तात्यांचा मस नव्हता, आणि जन्मभर गुळगुळीत दाढी करणाऱ्या तात्यांना भरघोस मिशा होत्या.

मी कपाळाला हात लावला. नाकाखाली सावली दिसली की ह्याला मिशी वाटते. ह्यानं असे लाखो चेहरे पाहिलेले, नाकाखाली काळं म्हणजे मिशी, असं शिकून बसलेलं. मिशा त्याच्या पदरच्या.

मग मी कीर्तनाचा फोटो नव्यानं घेतला आणि अडाणी तऱ्हेनं मोठा केला. पडदाभर चौकोन. दारातल्या माणसाला चेहरा नव्हताच, गव्हाळ रंगाचे चार-दोन चौकोन होते तेवढेच. पण तपकिरी-तांबडा रंग खांद्यापासून सुरू होऊन थेट उंबऱ्यापर्यंत खाली गेला होता. नव्या सॉफ्टवेअरनं तो कमरेशी कापून त्याचं जाकीट शिवलं होतं आणि खाली अंधार भरला होता.

घोट्यापर्यंत जाकीट कुणी घालत नाही. घोट्यापर्यंत असतो तो कद, पूजेचं रेशमी सोवळं. आणि खांद्यावरून त्याच रंगाचं उपरणं. त्या दिवशी देवळात कद नेसलेला माणूस एकच होता.

तात्या. आणि पाठोपाठ एक एक आठवायला लागलं. पोलिसात जायची घाई कुणाला होती? नाव मी सांगत नाही, असं म्हणून माझ्या मशीनकडून वदवून कुणी घेतलं? ज्या माणसाला मी लहानपणापासून वाकून नमस्कार केला, त्याच्याविषयी मी नको नको ते मनात आणलं. त्या दुपारी तात्या दुकानावरून गेले, हात केला, मी पडद्याकडे बघत राहिले.

पण दारातल्या माणसाच्या हातात एक काळसर चौकोन होता. नव्या सॉफ्टवेअरनं त्याची मूठ केली होती. मला ती बुक्क्याची वाटी वाटली. मध्यंतरात देवाच्या गळ्यातला हार काढून बुवांना घालायचा, बुक्का लावायचा आणि वाटी परत आत ठेवायची, हा आमच्याकडचा रिवाज. एरवी पुजारी करतात, त्या दिवशी तात्यांनी केलं. म्हणजे ते तिथे असायलाच हवे होते. मग माळ?

मी बुवांकडे आले. त्यांच्या छातीवरचा हार नव्या सॉफ्टवेअरनं फार देखणा केला होता, पाकळी न् पाकळी सुटी. झेंडूमागे झेंडू. मी चौकोन उघडले. नारिंगी, नारिंगी, हिरवा, नारिंगी, आणि मध्येच पांढरे. पुन्हा नारिंगी, पुन्हा पांढरा. त्या पांढऱ्या चौकोनांची एक ओळ हाराच्या आतल्या अंगानं खाली उतरत होती. पांढरा, म्हणजे जिथे मोबाईलचा दिवा थेट परत आला ती जागा.

झेंडू चमकत नाही.

पुतळ्यांची माळ हारात अडकून हाराबरोबरच देवाच्या गळ्यातून निघाली होती. सवय नसलेल्या हातांनी तो हार ओढून काढला आणि बुवांच्या गळ्यात घातला. बुवांनी सगळा उत्तररंग नारायणाची माळ छातीवर वागवत म्हटला, आणि देवळातल्या एकालाही पत्ता नव्हता.

आता संशय बुवांवर यायला हवा होता, आणि आलाही, अर्धा क्षण. मग आठवलं. आरती झाल्यावर बुवांनी तो हार गळ्यातून काढला होता आणि सगळ्यांसमोर यशवंतदादाच्या गळ्यात घातला होता. साथ चांगली झाली की बुवा नेहमी तसंच करायचे. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

संशय सगळ्या देवळाला प्रदक्षिणा घालून परत यशवंतदादाच्याच दारात येऊन बसला होता. एक तर माळ त्याच्या नकळत त्याच्या घरी पडून होती, किंवा त्यानं ती केव्हाच बघितली होती आणि तो गप्प राहिला होता. हे मी तात्यांना सांगितलं असतं, तर ते पोलिसांनाच घेऊन गेले असते. आणि मी एकटी जाऊन विचारलं असतं, तर माळ सापडूनही ती कुठून सापडली म्हणून गाव जन्मभर कुजबुजलं असतं. मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि नारायणाला म्हटलं, तुझी माळ आहे, तूच काय ते बघ. मग उठून प्रिंट काढले.

रविवारी सकाळी तात्या आले. मी आधी त्यांच्यापुढे मिशीवाले गृहस्थ ठेवले.

"हे कोण, तात्या?"

तात्यांनी चष्मा वरखाली केला. "ओळखीचा दिसतोय. रत्नागिरीच्या गाडीवर एक कंडक्टर होता, त्याच्यासारखा. काय केलंय ह्यानं?"

"काही नाही. हे तुम्ही आहात."

मी त्यांना पंच्याहत्तरीचा फोटो दाखवला, तो लहान कसा केला ते दाखवलं आणि परत मोठा करून दाखवला. पडद्यावर मिशा उगवताना त्यांनी स्वतः पाहिल्या. त्यांचा हात आपोआप ओठावर गेला.

"म्हणजे यशवंताच्या मिशा…"

"त्याही पदरच्या. चला, जरा त्याच्याकडे जाऊन येऊ."

"पण जाकीट?"

"तिकडे बोलू."

यशवंतदादाचं घर सुतारवाडीत. पडवीत लाकडाचा भुसा, आणि वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. तात्यांना बघून त्या उठल्याही नाहीत. "बसा," एवढंच म्हणाल्या, आणि तेही माझ्याकडे बघून. यशवंतदादा रंधा हातात घेऊन बाहेर आला.

"पोलीस मागनं येतायत का?" त्यानं विचारलं.

"दादा," मी म्हटलं, "बुवांनी दिलेला हार कुठे आहे?"

"आत. तबल्यावर. पुढच्या उत्सवापर्यंत तो उतरत नाय आमच्यात."

आत कोनाड्याशेजारी तबला-डग्गा गोधडीत गुंडाळून ठेवलेले होते. वर खुंटीला तो हार. सुकून काळपट झालेला, तुळस गळून गेलेली. खुंटीपासून हारापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"तात्या, तो हार तुम्ही काढा," मी म्हटलं. "देवाच्या गळ्यातूनही तुम्हीच काढला होतात."

तात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यशवंतदादाकडे. जाळं बाजूला केलं आणि हार उचलला. फुलं त्यांच्या बोटांत चुरगळून खाली पडायला लागली आणि मधून पुतळ्या खुळखुळल्या. माळेची कडी हाराच्या दोऱ्यात अशी गुंतली होती की तो दोरा तोडल्याशिवाय सुटणार नव्हती. कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे माळ इथेच होती," तात्या म्हणाले.

तेवढं वाक्य, आणि यशवंतदादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं होतं तेच झालं. मी पिशवीतून चौकोनांचा प्रिंट काढून तबल्यावरच्या गोधडीवर पसरला.

"इथेच होती. आता इथपर्यंत ती कशी आली ते बघा. हा दारातला माणूस. ह्याला चेहरा नाही, पण कपडा बघा. कुठपर्यंत येतोय?"

"खाली… पायापर्यंत."

"त्या दिवशी देवळात कद कोण नेसलं होतं?"

तात्यांनी चष्मा पुसून प्रिंटवर मान वाकवली.

"हातात वाटी आहे," मी म्हटलं. "बुक्क्याची. बुवांना लावून परत ठेवायला जाताना दारात थांबून मागे वळलात तुम्ही. आणि हे बुवांच्या छातीवरचे पांढरे चौकोन, ह्या पुतळ्या. माळ हारात गुंतून आली. नेहमीचे हात असते, तर कळलं असतं."

तात्या खाली बसले, तिथेच, जमिनीवर, चुरलेल्या फुलांत. माळ दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेली. "माझ्याच हातांनी," एवढंच म्हणाले. मग मान वर न करता, "यशवंत, मी तुला…"

"असू दे," यशवंतदादा म्हणाला. पण आवाजात असू दे नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला. "नारायण आठ दिस माज्या घरात येऊन राहिला, तात्यानू. आणि मी त्याच्यापुढं दिवा नाय लावला. कीर्तनातनं काढलंत असं कानावर आलं, त्या दिवसापासनं मी ह्या खोलीत पायच टाकला नाय."

वहिनींनी निरांजन लावून आणलं आणि तात्यांच्या ओंजळीसमोर ठेवलं.

निघताना यशवंतदादानं माझ्या पिशवीतून तो पहिला, मिशा-जाकीटवाला प्रिंट ओढून काढला. उजेडात धरून नीट बघितला.

"हा मी?"

"नाही. हा कुणीच नाही."

"अरेरे," तो म्हणाला. "ना घर, ना दार, ना तबला. आणि माज्यासाठी आख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्यान बिचाऱ्यानं. राहू दे हा माज्याकडे."

पुढच्या वर्षी तो साथीला येणार की नाही, हे त्यानं सांगितलं नव्हतं. विचारायचा धीर कुणालाच झाला नव्हता. उत्सवाच्या पहिल्या दिवशी बुवा गादीवर उभे राहिले, तबल्याची जागा मोकळी, आणि तात्या देवळाच्या पायऱ्यांकडे डोळे लावून बसलेले. बुवांनी नमनाला हात जोडले, तेवढ्यात तांबडं जाकीट दारातून आत आलं. कुणाकडे न बघता बसलं आणि हातोडीनं तबला ठोकून सुरात घ्यायला लागलं.

आरती झाली. बुवांनी गळ्यातला हार काढून पुढे केला. यशवंतदादानं मान वाकवली नाही.

"बुवा, आधी तात्यांना दाखवा," तो म्हणाला.

तात्या उठले. गुडघे धरत गादीपाशी आले, हार हातात घेतला आणि एक एक फूल चाचपत, दोऱ्याची गाठ उलटीपालटी करून बघत, सगळा हार बोटांखालून घातला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं कुणीतरी. तात्यांनी स्वतःच तो हार यशवंतदादाच्या गळ्यात घातला.

यशवंतदादानं हार छातीवर सारखा केला आणि सावकाश, दोन्ही बाजूंनी, मिशांवरून बोट फिरवलं.

मी पुढच्या रांगेत होते म्हणून तात्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"ह्या मात्र तुझ्या तुझ्याच हो," ते म्हणाले.